बबिताच्या रिपोर्टमधला शब्द

चौतीस वर्षं मी सेलूत मुलींना इंग्रजी शिकवलं, आणि रिटायर झाले तशी सगळ्या गावाची इंग्रजी माझ्या दारात येऊन पडायला लागली. विम्याचं पत्र, औषधाच्या खोक्यातली घडी, पुण्याला लागलेल्या पोराची ऑर्डर, एकदा तर वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक. ‘मोबाइल कशाला घेतलाय मग, आरतीला?’ असं मी सुनवायची आणि चष्मा लावून वाचूनही द्यायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कापसाच्या जिनिंगमधल्या मुकादमापासून कोर्टातल्या कारकुनापर्यंत सगळे म्हणायचे, विमलबाईंनी सांगितला तोच अर्थ. म्हातारपणी माणसाला एवढं पुरतं. जरा जास्तच पुरतं, हे मला आता कळतंय.

बबिता माझी विद्यार्थिनी. फार हुशार नव्हती, पण चिवट होती. एखादा शब्द अडला की तो सुटेपर्यंत माझा पिच्छा सोडायची नाही. नुसता अर्थ सांगून भागायचं नाही, ‘बाई, वाक्यात सांगा’ हे तिचं पालुपद. बारावीनंतर तिचं लग्न आमच्याच गावातल्या धम्मानंदशी झालं. तो जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, लोकांचं बोलून झालं. तिची सासू सुलाबाई मात्र कधी एका शब्दानं सुनेला लागेल असं बोलली नाही. अशी सासू मी सेलूत तरी दुसरी पाहिली नाही.

जानेवारीतली गोष्ट. दुपारी दोघी सासवा-सुना माझ्याकडे आल्या, थेट परभणीच्या गाडीतून उतरून. बबिताला पाचवा महिना होता. परभणीला सोनोग्राफी केली होती आणि तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात ठेवून ‘तुमच्या मॅडमना दाखवा’ एवढंच सांगितलं होतं. बाहेर पन्नास बायका बसलेल्या, त्यांना तरी कुठली फुरसत. इथल्या डॉक्टर मॅडम परगावी गेलेल्या, सोमवारी येणार होत्या. तो दिवस शुक्रवार होता.

मी खुर्ची पुढे केली तरी सुलाबाई नेहमीसारख्या उंबऱ्याजवळच टेकल्या. बबितानं पाकिटातून कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“बाई, ट्विन म्हंजे जुळे, ते आलं मला. पन त्याच्या आधीचा हा शब्द? मोबाइलला दाखवला तर संयुक्त म्हनला. संयुक्त म्हंजे? आमच्या संयुक्त कुटुंबासारखं?”

“मोबाइलला काय अक्कल,” मी म्हणाले आणि चष्मा लावला.

शब्द होता कन्जॉइन्ड. माझ्या ओळखीचा, साधा, चांगल्या घरातला शब्द. पुढच्या ओळी वाचल्या. छाती एक. हृदय एक. त्याखाली लांबलचक नाव होतं, ते मलाही आलं नाही, पण त्याची गरजच नव्हती. असल्या मुलांना मराठीत काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं. पेपरात मधूनच फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, सयामी जुळी. मी एवढे दोन शब्द उच्चारले असते तर सुलाबाईंनासुद्धा लगेच कळलं असतं.

मी मान वर केली. बबिता माझ्याकडे बघत होती, नववीत बघायची तशीच. सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण पदराआडून हसू काही लपत नव्हतं. जुळी आहेत एवढं त्यांना गाडीतच कळलं होतं.

“जोडीनं,” मी म्हणाले. “म्हणजे अगदी जवळजवळ आहेत दोघं.”

“वाक्यात सांगा ना, बाई.”

“दोन घरांच्या मधली भिंत एकच असते ना, तसं.”

“अगं माय, म्हंजे आमचं अन् किशनरावचं हाय तसं!” सुलाबाई खळखळून हसल्या. “त्याच्याकडं फोडनी पडली की आमच्याकडं ठसका!”

बबिताही हसली. मीही हसले, हे मी लपवून ठेवणार नाही. मग मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “सोमवारी मॅडमना दाखवा. नक्की दाखवा.” मनात म्हटलं, तीनच दिवसांचा प्रश्न आहे. वाईट बातमी देणं हे डॉक्टरचं काम, त्यासाठी त्या शिकल्यात. माझ्या तोंडून कशाला? या दोघींना हे झेपणार नाही, असंही मी ठरवून टाकलं. ज्या बाईनं नवरा गेल्यावर दुसऱ्यांचा कापूस वेचून पोरगं वाढवलं, तिला काय झेपतं आणि काय नाही हे ठरवणारी मी कोण होते?

दुसऱ्या दिवशी सुलाबाई पेढे घेऊन आल्या. मी एक तोंडात टाकला. तो खाताखाताच “मॅडमना दाखवा हं,” असं पुन्हा म्हणाले. “दाखवनार की,” त्या म्हणाल्या आणि शेजारच्या दारात गेल्या.

त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. भाजी आणायला मुद्दाम स्टेशनच्या बाजूनं जायची. माझ्या हिशेबानं सोमवारी त्यांना कळलं होतं, घरात दुःख होतं, आणि अशा वेळी आपण मध्ये कडमडू नये. आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. मी स्वतःला समजावत होते की हा माझा समंजसपणा आहे. खरं तर मला त्या पोरीला तोंड दाखवायचं नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता सुलाबाई आल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

“बाई, सातव्यात डोहाळजेवन करायलोय पालमला, तिच्या माहेरी. बबिता तिथंच हाय की म्हैनाभरापासून. जुळे म्हनल्यावर तिचा भाऊ दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला बगा. तुमाला यावंच लागतंय. तुमच्यामुळं तर कळलं सगळं.”

“मॅडम काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“कोन्च्या मॅडम?”

“डॉक्टर मॅडम. सोमवारी दाखवलं ना?”

“त्यांना कामून दाखवायचं?” सुलाबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. “तुमी वाचलं न्हाई का समदं? पालमची नर्स येती गोळ्या द्यायला. ती बी इचारत होती रिपोर्ट कुठंय म्हनून. बबितानं सांगितलं, आमच्या बाईंनी वाचलाय, चांगलं हाय.”

म्हणजे माझं वाचणं हीच त्यांची तपासणी होती! विमलबाईंनी सांगितला तोच अर्थ, हे ऐकून मी इतकी वर्षं फुगत आले होते. या बाईनं ते शब्दशः मानलं होतं, एवढाच तिचा दोष. मी कसाबसा रिपोर्ट मागून घेतला, पुन्हा बघते म्हणून. कामून, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परभणी गाठली आणि तिथून गंगाखेडवरून पालमची एसटी धरली. खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळत नव्हतं.

बबिता ओसरीत बाजेवर बसली होती. अंग भरलं होतं, चेहरा उजळला होता. नऊ वर्षांत मी तिला इतकी सुंदर पाहिली नव्हती. शेजारी तिची आई कडूबाई जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवत होती. एक शिवून झालं होतं, दुसरं हातात होतं. मला बघून दोघींची धांदल उडाली. “बाई आल्या, बाई आल्या” म्हणत कडूबाई चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी बबिताजवळ बसले आणि जुळवलेलं सगळं विसरून बोलले.

“बबिता, त्या शब्दाचा अर्थ मी तुला पुरता सांगितला नव्हता. तुझी बाळं एकमेकांना चिकटलेली आहेत. सयामी जुळी म्हणतात ना, तशी.”

तिला कळायला वेळ लागला नाही.

“पेपरात येतात ती?”

“हो.”

“कुठं चिकटलेत?”

“छातीला.”

“मग काळीज?”

“एकच आहे.”

तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. “पन हलतेत की, बाई,” ती म्हणाली. “दोघं बी हलतेत. मी बोलते त्यांच्याशी तर दोन बाजूंनी हलतेत.”

यावर माझ्याकडे ना मराठी होती, ना इंग्रजी. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसतही नव्हती. तिनं विचारलं, “मग तवा कामून न्हाई सांगितलं?”

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, खरंच बोलणार होते. पण तिनंच माझ्यासाठी उत्तर शोधलं.

“तुमाला बी आला नसंल न्हाई का तवा?” ती हळूच म्हणाली. “मागून डिक्शनरीत बघितला आसंल. लय अवघड शब्द हाय तो.”

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात तिला नेलं. दिवस वर गेलेले असल्यामुळे गर्भपाताला डॉक्टरांच्या समितीची परवानगी लागली, त्यात आणखी आठ-दहा दिवस गेले. ती मुलं जगणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेवटी ऑपरेशन करावं लागलं. मी त्या दिवशी तिथं होते, कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून. मुली होत्या. सात-आठ मिनिटं होत्या. कडूबाईनं दोन्ही दुपटी आणली होती, त्यातलं एकच लागलं.

डॉक्टरांनी धम्मानंदला बाजूला घेऊन समजावलं, ते मलाही ऐकू आलं. महिनाभर आधी आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं. गर्भपिशवीला मोठा टाका आहे, आता पुन्हा दिवस राहणं तिच्या जिवाला धोक्याचं, तेव्हा राहू देऊ नका. धम्मानंद ऐकत राहिला. मग तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“बाई, तुमाला खरंच आला न्हाई का तो शब्द?”

सुलाबाईंनी त्याच्या दंडाला धरून मागं ओढलं.

“आरं, बाईला कामून तरास देतो? मानूसच हाय, एखांदा शब्द ऱ्हातो.”

आणि त्यांनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी ते पाणी प्यायले.

पुढचे चार महिने गाव माझ्याशी फार चांगलं वागलं. लोक कागद आणायचे आणि वर म्हणायचे, “बाई, एखादा शब्द अडला तर ऱ्हाऊ द्या, पोरगं नेटवर बघंल.” एरवी मी अशा माणसाला दारातून हाकललं असतं. आता गप्प बसायची. गावाच्या लेखी विमलबाईंना वयामुळे इंग्रजी जरा कमी येऊ लागली होती, आणि ही बदनामी मला कांबळ्यासारखी उबदार वाटत होती. माझ्या नाकावर एरवी माशी बसत नाही, पण त्या बदनामीत मी अंग चोरून बसले होते.

त्यातून मला सुलाबाईंनीच उठवलं, त्यांना न कळता. बाजारात भेटल्या, वाळल्या होत्या.

“दोघांचं धड न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “ह्यो म्हनतो, इंग्रजीच्या बाईला शब्द येत न्हाई हे होईल का, तिला समदं ठावं होतं. अन् बबिता म्हनती, माझ्या बाईला खोटं म्हनू नका. लय भांडली त्याच्याशी. दीड म्हैना झाला, जेवायला बी संगं बसत न्हाईत. तुमी त्याचं मनावर नका घेऊ. पोरगं दुखात हाय.”

त्या माझीच समजूत घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मानंद कामावर असताना मी त्यांच्या घरी गेले. सुलाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्टुलावर बबिताची शाळेतली दोन पुस्तकं. बबितानं चहा आणून माझ्यापुढं ठेवला आणि समोर खाली बसली. वाकताना तिचा हात अजून पोटाकडे जात होता.

“बबिता,” मी म्हणाले, “मला तो शब्द येत होता.”

ती काही विचारायच्या आत मी पुढं बोलत गेले.

“पहिल्यांदा वाचला तेव्हाच येत होता. तुमच्या तोंडाकडं बघून माझ्याच्यानं सांगवलं नाही. वाटलं, डॉक्टर सांगतील. पालमला तू म्हणालीस शब्द आला नसेल, तेव्हा मी तसंच राहू दिलं. ते खोटं होतं.”

मागं नळ वाहत होता. भांड्यांचा आवाज येत होता.

“म्हंजे हे खरं म्हनत होते,” ती म्हणाली.

“हो.”

“मी त्यांना नाही नाही ते बोलले, बाई. तुमी शिकलेले न्हाईत, तुमाला काय कळतंय, असं बी बोलले.”

“मी सांगते धम्मानंदला. आज संध्याकाळीच सांगते. पाया पडते त्याच्या.”

“तुमी काही सांगू नका.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “सगळ्यांना सगळं येतं असं कुठं असतं, मी म्हनायची. बाई झाल्या तरी एखादा शब्द न्हाई येत. ते मी माफ केलं होतं. तुमाला न येनं मी माफ केलं होतं, बाई.”

मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले. तिनं हात मागं घेतला, भांडी उचलायची असावीत असा, पण तिथं माझ्या भरल्या कपाशिवाय उचलायला काहीच नव्हतं. मग ती उठली आणि चुलीकडं तोंड करून उभी राहिली. ती वळली नाही. मी उठून दाराबाहेर आले आणि पायांनी चपला चाचपडायला लागले.

मागचा नळ बंद झाला. मागच्या दाराशी सुलाबाईंचा आवाज आला.

“बाई गेल्या का गं? काय म्हनत होत्या?”

आत कप उचलल्याचा आवाज आला.

“काई न्हाई, आत्या,” बबिता म्हणाली. “बगायला आल्या होत्या मला.”

“चा घेतला का त्यांनी?”

“घेतला.”

कप तिथं भरलेला होता. मी त्याला हातही लावला नव्हता, आणि सुलाबाईंना दिसायच्या आत तिनं तो मोरीत ओतला, ते मला बाहेर ऐकू आलं. सासूला झेपणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. ही रीत तिला माझ्याशिवाय कोण शिकवणार? मला परत आत जाऊन सुलाबाईंना सगळं सांगता आलं असतं. मी दारात उभी होते, चार पावलांचं अंतर होतं. मी चपला घातल्या आणि घरी आले.